तिसरी टोपली

...आणि वर आत्या त्याला म्हणते काय, तर पाय पुसून आत ये. घरात घोट्यापर्यंत पाणी, पायपुसणं तरंगत तरंगत स्वयंपाकघरात पोचलेलं, आणि हा भाचा बिचारा गल्लीतून ढोपरं फोडून घेत आलेला, तो खाली वाकून पाय कशाला पुसायचे ते शोधतोय. तुम्हाला सांगतो, हा माणूस लिफ्ट दुरुस्त करतो. रोजचा धंदाच अडकलेल्यांना सोडवायचा. आत बाई किंचाळत असली तरी हा बाहेरून गप्पा मारत मारत तिला सुखरूप खाली आणतो. पण आत्या म्हणजे काय लिफ्ट आहे? तिला ना ब्रेक, ना बटण. आता यात त्याचं काय चुकलं, तुम्हीच सांगा.

सकाळपासून भोंगा फिरत होता, धरणाचे दरवाजे उघडणार, नदीकाठची घरं रिकामी करा. याने यायला दुपार केली हे खरं, पण आला की नाही? बघतो तर आत्याची तयारी चोख. टेबलावर तीन टोपल्या, झाकणांना सुतळी, आत जुन्या चादरीचे मऊ तुकडे, प्रत्येकीवर नाव. पिठी. जमादार. काजळ्या. शेजारी मांजरांच्या खाण्याचा डबा, त्यांच्या शी-शूची वाळू, जमादारच्या डोळ्यात घालायचं औषध. याने विचारलं, "आणि तुझं सामान कुठंय?" तर म्हणते, "मला कोण विचारतंय?" अहो, तोच तर विचारत होता ना...

मग सुरू झाली धरपकड. आत्या टेबलावर पाय वर घेऊन बसलेली, शाळेत जन्मभर गणित शिकवलेली बाई, आवाज तसाच शाबूत. पिठी कपाटावर. हा स्टुलावर चढला, तिने हाताची सालटी काढली. "अंगावर धावून जाऊ नकोस," आत्या शांतपणे म्हणाली, "मांजराला समोरच्याचा स्वभाव पटकन कळतो. तुझ्या बायकोला कळायला चार वर्षं लागली." जमादार तर याच्याच डोक्यावर चढला आणि कानाला धरून लोंबकळला. त्यालाही टोपलीत कोंबला. आता यात त्याचं काय चुकलं?

राहिला काजळ्या. तोवर पाणी कमरेला. आत्या म्हणाली, "न्हाणीघराच्या माळ्यावर बघ. नाही? मग पलंगाखाली." पलंगाखाली आता नदी होती, साहेब. हा नाक दाबून खाली गेला, वर आला, पुन्हा गेला. "प्रेमाने हाक मार," आत्या म्हणाली, "घाबरट आहे तो." मग हा तोंडातला चिखल थुंकत थुंकत प्रेमाने म्हणतोय, ये रे काजळ्या, ये माझ्या राजा... एकदा हाताला काहीतरी मऊ लागलं. याने उराशी धरून वर आणलं, तर मेलेली घूस.

एवढ्यात खिडकीशी नाव आली. नाववाला म्हणाला, "चला, आता परत फेरी नाही." आत्या म्हणाली, "काजळ्याशिवाय मी हलणार नाही."

आता काय करायचं त्याने? आतल्या खोलीत गेला, वरच्या फळीवर शेकायची रबरी पिशवी होती ती घेतली, अर्धी पाण्याने भरली, म्हणजे कशी हलती राहील, तिला काळ्या स्वेटरमध्ये गुंडाळलं, टोपलीत घातलं आणि सुतळी करकचून बांधली. बाहेर येऊन म्हणाला, "सापडला. झोपलाय."

आत्याने त्याच्याकडे जरा वेळ बघितलं. "झोपलाय?"

"दमलाय गं."

"बरं. त्याची टोपली तू डोक्यावर घे. पाणी सोसत नाही त्याला."

नावेत सगळी माणसं अंग चोरून बसलेली, आणि हा डोक्यावर टोपली घेऊन उभा. आत्या म्हणाली, "बोल ना त्याच्याशी, घाबरला असेल." हा बोलला. त्या पिशवीशी, चारचौघांत. आलं हं आता, घाबरायचं नाही हं... "डब्यातले दोन दाणे घाल त्याला." फटीतून दाणे घातले. तेवढ्यात पिशवी गळायला लागली, गढूळ पाणी याच्या कपाळावरून नाकावर. आत्या म्हणाली, "शू केली वाटतं. पुसू नकोस, वाईट वाटेल त्याला."

शाळेच्या सभागृहात सगळ्यांना उतरवलं. आत्याने सर्वांसमोर टोपल्या उघडल्या. पिठी निघाली. जमादार निघाला. तिसरीतून स्वेटर निघाला, आणि रिकामी रबरी पिशवी.

"आत्या, अगं मी खरंच खूप..."

"काजळ्या उन्हाळ्यातच गेला," आत्या म्हणाली. "अंगणात मीच पुरला. खड्डा खणताना पडले, मनगट मोडलं. तुला फोन केला होता. तू म्हणालास, कोणीतरी अडकलंय, नंतर करतो."

याने तेव्हा कुठे तिचं मनगट बघितलं. वाकडंच जुळलं होतं.

"मग ती तिसरी टोपली?"

"तुझ्यासाठी भरली होती. म्हटलं बघू, कुठवर शोधतोस."

"अगं, बुडलो असतो मी."

"हो," आत्या म्हणाली, "तेही मनात येऊन गेलं."

तर यात त्याचं काय... जाऊ द्या.

मग नावं टिपणारी मुलगी आली. आत्याचं नाव घेतलं, मांजरांचीही हौसेने घेतली, आणि याच्याकडे बोट करून म्हणाली, "आजी, हे कोण तुमचे?"

आत्या जमादारच्या डोळ्यात औषध घालत होती. मान वर न करता म्हणाली, "हे होय? हे लिफ्टवाले. आमच्याकडे लिफ्ट नाही, तरी आलेत."

मुलगी पेन धरून थांबलेली. याने आत्याकडे बघितलं, मांजरांकडे बघितलं, आणि म्हणाला, "लिहा ताई, तसंच लिहा."