हसायची चोरी

फिजिओथेरपीच्या खोलीबाहेर, माझ्या शेजारच्या बाकावर सासू-सून बसल्या होत्या.

"व्यायाम सुरू करून सहा आठवडे झाले, आई. अजून शिंक आली की ओलं होतंच."

"व्यायाम नेमाने करतेस ना?"

"करते की. लघवी अडवताना आवळतो तसं आवळायचं, दहा मोजायचे, सोडायचं."

"मोजताना श्वास कोंडतेस तू. भांडी घासताना करतेस तेव्हा बघते मी, तोंड लालबुंद होतं."

"मग काय करू?"

"पुटपुटत मोज. बोलताना श्वास कोंडता येत नाही."

"हे कोणी सांगितलं?"

"मागच्या खेपेला बाई तुलाच सांगत होत्या. तुझं लक्ष नव्हतं. मी दाराशी ऐकलं, तेव्हापासून करतेय."

"तुम्ही? तुम्हाला कशाला?"

"तुझ्या नवऱ्याच्या वेळी बाळंत झाले, तेव्हापासून हसायची चोरी आहे मला. नातू काही गमतीचं बोलला की उठून आत जाते, ते काय रागानं?"

"आणि आम्ही घरभर तुम्हाला हेडमास्तरीण म्हणतो."

"ठाऊक आहे. म्हणा. दिवसातून चारदा पातळ बदलण्यापेक्षा ते परवडलं."