वहीतल्या माणसाची चाल

कार्टूनचं कौतुक मला सांगू नका! एकोणीसशे साठच्या आसपास, तापीकाठच्या आमच्या गावी, मी वहीच्या पानापानाच्या कोपऱ्यात बिनचेहऱ्याचा माणूस काढला होता. पानं भराभर सोडली की तो उजवा पाय आडवा टाकत चालायचा, हुबेहूब आमच्या वडिलांसारखा. वडील गावात मास्तर.

एका सकाळी शेजारगावचा, रात्री मळे राखणारा जागल्या आमच्याकडे चहाला आला. मी हौसेनं त्याला वही दाखवली. बशी त्याच्या हातातच राहिली.

"अरे, हाऊ तोच शे! आम्हना मळामाईन केळीना घड लई गया तो! चिखलमां पाऊल असंच आडवं उमटेल व्हतं!"

मी वही पटकन मिटली.

वडील शाळेत निघायला उठत होते. ते गपकन खाटेवर बसले. जागल्या जाईपर्यंत जागचे हलले नाहीत. शाळा त्या दिवशी तासभर उशिरा भरली.