प्रागची गाणारी बाई

दौलताबादच्या थांब्यावर गायनशिक्षिका भानुमतीबाई संभाजीनगरच्या बसची वाट बघत होत्या. बाकावर शेजारी सरूबाई आपल्या विहिणीला, सारजाबाईला, सांगत होती.

"आमचा लक्ष्मण किल्ला दाखवतो ना, त्यानं प्रागच्या गाणाऱ्या बाईला चहाला आणलं. तीस वर्षं संगीत नाटकात होती. दर नाटकात शेवटी मरायची."

"मग गायची कवा?"

"मरता मरताच. चांगलं पाव तास."

"तेवढ्यात डाक्टर आला असता की."

"मी बी तेच म्हणलं. लक्ष्मणनं तिला सांगितलं तर लई हसली. मग म्हणली, नवरा गेला तवापासून गळ्यातून सूर निघंना, थेटर सुटलं."

"अरारा. मग तुमी काय म्हणलं?"

"काय म्हणणार? माझा घसा बसलेला, म्हैस ओढ्यापल्याड गेलेली. म्हणलं, बाई, जरा हाळी देता का?"

"दिली?"

"अशी दिली, की किल्ल्यावरची माणसं वाकून बघाया लागली. थांबायचं नावच नाय. डोळ्यांतून पाणी, अन् गाणं चालूच."

बस आली, थांबली, निघून गेली. भानुमतीबाई बसूनच राहिल्या.

"अन् म्हैस?"

"आली की. शेजाऱ्यांच्या बी आल्या."