उभ्यानं घासायची मोरी

आमच्या नगरच्या घरात स्वयंपाकघर नव्यानं बांधायचं ठरलं, तेव्हा मी आप्पांशी महिनाभर भांडले, बरं का! भांडी घासताना वाकून वाकून आईची पाठ गेली होती, म्हणून मला कमरेइतक्या उंचीची मोरी हवी होती. अखेर आप्पा ‘हो’ म्हणाले. मी पुण्याला कॉलेजात गेले. दिवाळीला येऊन बघते, तर मोरी जमिनीलाच!

“आप्पा, शब्द दिला होतात ना?”

“माझ्यावर काय डाफरतेस? गवंड्याला विचार.”

गवंडी अजून बाहेर गिलावा करत होता. “म्या निम्मा वट्टा बांधला हुता, ताई. तुमच्या आईनंच पाडाया लावला.”

मी थक्क होऊन आईकडे वळले.

ती म्हणाली, “अगं, दिवसभरात भांडी घासतानाच काय ती मी बसते. तेवढंही काढून घेतेस?”