छपरावरचा सायेब

आवं, कौलंच बदलायची हुती तर आमच्या गुंडा सुताराला सांगायचं न्हवतं का? दुपारपातूर मोकळा झाला असता! पर न्हाई... विलायतेतनं, सात समुद्र वलांडून, चर्चच्या मिशनची चार मानसं आली, का? तर म्हनं आष्ट्याशेजारच्या आमच्या गावच्या शाळंचं छप्पर फुकट नीट करनार! बरं, करा की! पर तेंची मराठी बोलनारी मडम तापानं सांगलीतच आडवी, आन इंग्रजी जाननारा डायवर धन्यकुमार तेंना उतरवून चुना आनाय माघारी गेलेला. मग बोलायचं कुनी? तुमास्नी सांगतो, समद्या गावानं हरिबाकडं बघितलं.

हरिबा लढाईवर हुता, खरं हाय. पर लंगरी! पलटनीच्या भाकऱ्या भाजायचा. मिसर देशातनं आल्यापास्नं पारावर बसून सांगायचा, 'गोऱ्यासंगट मी इंग्रजीतच बोलायचो!' बोलायचा काय, कप्पाळ! 'टी रेडी', आन चुलीमागं कवायत चालायची तिथलं हुकूम कानावर पडलेलं, झाली पुंजी! पर पाटील लालासाहेब म्हनले, 'हरिबा, गावाची अब्रू तुझ्या हातात हाय रं!' मग काय... गेला की मुकाट.

सकाळी त्या चौघातल्या थोरल्या मडमेनं हात नाचवून भाषन ठोकलं. लोक म्हनले, 'काय म्हंती?' हरिबाला घाम! म्हनला, 'म्हंती... ऊन लय हाय.' समद्यांनी माना हलवल्या. चंद्राबाईनं तांब्याभर ताक आनून दिलं, मडम घटाघटा प्याली आन आनखी मागाय लागली. वाचला बिचारा!

आन तेवढ्यात तेंच्यातला टॉम सायेब छपरावर! तरनाबांड गडी, ताडासारखा उंच, अंगात हौस मावत न्हाई! हरिबा शाळंच्या आत गेला, सहज वर बघितलं... तर काय! मधला वासा वाळवीनं पार पोकळ! आन सायेब शीळ घालत सरळ तिकडंच निघालेला! खाली फरशी. पडला तर काय ऱ्हातंय हो?

हरिबा भाईर पळाला, बोंबलला, 'सायेब! वासा! वाळवी!' सायेब हसून हात हलवतोय! आता वाळवीला इंग्रजीत काय म्हनायचं? तुमी सांगा! मला तर ठावं न्हाई! जीव खाऊन हरिबा वरडला, 'हाल्ट!'

आन सायेब थांबला! खाडकन! ताठ! आवं, त्योबी लढाईतनंच सुटलेला, कळलं मागनं. वाचला बिचारा... म्हनतोय तवर हरिबाच्या तोंडातनं घाबरून निघालं, 'मार्क टाइम!' आन सायेब लागला की जाग्यावर पाय आपटाय! धाड, धाड, कौलं फुटत्यात, बाया किंचाळत्यात, पाटील खाली बसलं! 'हाल्ट! हाल्ट! लेफ टर्न!' वळला. 'स्लो मार्च!' एक पाऊल... दुसरं... शिडीजवळ आला तसा 'हाल्ट!', आन फुडं? शिडी उतरायचा हुकूम कवायतीत कुठनं असनार? हरिबानं दोनी हात जोडलं. ते मातूर सायेबाला कळलं! उतरला... आन तेवढ्यात त्यो वासा आपसूक आत कोसळला, धडाम!

सायेब पांढराफटक. त्यानं हरिबाला उचलून मिठी मारली. हरिबा रडतोय, सायेब रडतोय, पाटील टोपीनं डोळं पुसत्यात... वाचला हो बिचारा, दोघंबी वाचलं! मग सायेब गहिवरून लांबलचक काय तरी बोलला. हरिबाचा जीव निम्मा हलका झालेला; म्हनला, 'येस सर!'

सांजंला धन्यकुमार चुना घिऊन आला, त्यानं सायेबाकडनं ऐकलं आन पोट धरून हसाय लागला. 'हरिबा, तू कशाला व्हय म्हनलास? सायेब म्हनला, उद्या फुडच्या गावच्या शाळंवर चढायचंय, तू खाली उभारशील का? आन ती दोन मजली हाय गड्या!'

हरिबा घरी आला. बायकोला, साळूबाईला म्हनला, 'उद्याच्याला भाकरी बांध.'

'आवं, लढाई संपून वरीस झालं न्हवं? आता कुठं निघाला?'

'ती सरकारची संपली,' हरिबा म्हनला. 'ही मिशनची हाय.'