छत्र्या मिटायच्या आत

…आणि वर मलाच म्हणतो, "आई, तू ना, कुणाचं ऐकतच नाहीस!" मी ऐकत नाही? अहो, जेवणं उरकल्यापासून मी ऐकण्याशिवाय दुसरं केलं काय! तुम्हाला सांगते, ताटं तशीच उष्टी, चहावर साय धरलेली, आणि आमच्या घरात महायुद्ध पेटलेलं. कशावरून? सहलीवरून! किती दिवसांच्या? एका! सकाळी जायचं आणि रात्री आपापल्या अंथरुणात. मी आपली म्हणतेय, अरे, एका दिवसाचंच तर आहे! पण नाही. एवढ्या वेळात लोक मुलीचं लग्न ठरवून मोकळे होतात.

जायचं कुठे, तर समुद्राकाठच्या त्या चिमुकल्या मुलखात. स्वतःचा झेंडा, सरहद्दीवर स्वतःचा नाका, स्वतःचा ताठा. आणि आकार केवढा, तर एका टोकाला कुत्रं भुंकलं की दुसऱ्या टोकाचं मांजर झाडावर चढतं. तेवढ्यात बघायचं असून असून किती असणार? पण आमच्या चिरंजिवांनी एवढी ठिकाणं शोधून काढली, की त्या मुलखाच्या राजालाही ठाऊक नसतील.

आता मला तिथे का जायचंय, ते ऐका. किल्ला नको मला. किल्ले मी घरातच सांभाळलेत. उभा जन्म मी छत्र्या शिवल्या. डोक्यावर धरायच्या नव्हेत, वाळूत रोवायच्या, खाली अख्खं कुटुंब लोळेल एवढाल्या! दुकानामागच्या खोलीत बसून पाकळीला पाकळी जोडायची, शेंड्याशी दुहेरी टीप मारायची, गुंडाळायची, दोरी बांधायची, की चालली टेम्पोतून त्या किनाऱ्याला. शाळेने मला पाहिलं नाही आणि मी शाळेला. वाचायला शिकले ती कापडाच्या गठ्ठ्यांवरची अक्षरं लावून लावून. पण इतक्या शिवल्या, त्यातली एकही उघडलेली पाहिली नाही! कशी पाहणार? खोलीच छत्रीपेक्षा लहान! मालक म्हणायचा, "बाई, उघडते हो ती, माझ्यावर विश्वास ठेवा." तुझ्यावर कशाला? माझा माझ्या टाक्यावर विश्वास आहे! पण डोळ्यांना नको का बघायला? आणि डोळे तरी कुठे राहिलेत… डावा गेला, उजवाही हल्ली पाहुण्यासारखा वागतो. कधी उठून जाईल, नेम नाही. म्हणून म्हटलं, एकदा न्या. एका दिवसाचंच तर आहे.

तर सूनबाई म्हणते… नर्स आहे ती, जिथे तिथे तिला पडलेली माणसंच दिसतात… "अहो आई, वाळूत पाय रुततो. पडलात म्हणजे? मी तुमच्यासाठी बाक शोधून ठेवलंय. सावलीतलं. शेजारीच स्वच्छतागृह आहे." घ्या! स्वच्छतागृहाशेजारी बसायला मी परमुलखात जाऊ? ते सुख इथे काय कमी आहे?

लेक फोनवर. फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा केलेला, त्यातून तिचं नुसतं कपाळ दिसतंय, आणि कपाळ म्हणतंय, "अगं आई, फोटो पाठवते ना मी! सगळ्या छत्र्या दिसतात त्यात. उगाच दगदग कशाला?" म्हटलं, "बये, मग नवराही फोटोतलाच करायचा होतास, दगदग वाचली असती." कपाळाला आठ्या पडल्या.

राहता राहिले चिरंजीव. हा गोदामात ट्रक भरून घेतो. भरतो चांगला, माझाच मुलगा आहे, पण दिवसही ट्रकसारखा भरतो त्याला काय करायचं? टेबलावर मांडामांड केली. मिठाचा डबा म्हणजे किल्ला, वाटी म्हणजे संग्रहालय, उभा पेला म्हणजे दीपगृह, चमचा म्हणजे बाजार… चिकटून चिकटून, मध्ये मुंगी शिरणार नाही. आणि माझा किनारा? एक बिस्किट! टेबलाच्या पार काठावर!

"तुझ्यासाठी मुद्दाम शेवटी ठेवलाय, आई," असं फुगून सांगतो. का, तर गोदामात तसंच चालतं. शेवटी चढवलेला माल आधी हाताशी येतो. मी कपाळाला हात लावला. म्हटलं, "अरे शहाण्या, तो ट्रक! दिवसाचं दार उलट्या बाजूला असतं. दिवसात शेवटी टाकलेलं राहूनच जातं. आणि नाही राहिलं, तरी संध्याकाळी तिथे कोण छत्री उघडून बसणार, चांदणं लागतं म्हणून?"

"मग मध्ये जागा नाही, आई."

"कर."

"मोकळी जागा सोडली की माल हलतो!"

"मी माल आहे का रे?"

तर तो विचारात पडला. विचारात! तुम्हाला सांगते, "हो" म्हणाला असता तरी चाललं असतं…

"एका दिवसाचंच तर आहे, आई, कशाला वाद?" सूनबाई म्हणाली. "एका दिवसाचंच तर आहे!" कपाळ म्हणालं. माझंच वाक्य, मलाच!

आणि इतक्यात आवाज आला. कुर्रम.

आमचे हे इतका वेळ कोपऱ्यात बसून प्रत्येकाला "बरोबर आहे तुझं" म्हणत मान डोलवत होते. मी टेबलाच्या काठाकडे बघितलं. काठ रिकामा!

"अहो!"

"काय?"

"माझा समुद्र खाल्लात तुम्ही?"

ह्यांनी ओठावरचा चुरा पुसला. म्हणाले, "मला वाटलं, कुणालाच नकोय."

फोनमधून कपाळ विचारतंय, "काय झालं? बाबांनी काय खाल्लं?" मग मुलगा ओशाळला, घाईघाईने डब्यातून दुसरं बिस्किट काढलं, "हे घे, आई, तुझा किनारा, झालं?" आणि ठेवलं कुठे? त्याच काठावर!

दमले हो मी. भांडायलाही दम लागतो, आणि तो मी सगळा पायाच्या मशीनवर घालवलाय. उठले. बिस्किट उचललं, मिठाच्या डब्याच्याही अलीकडे, जिथून त्या मुलखात शिरायचं त्या नाक्याजवळ नेऊन ठेवलं आणि म्हटलं, "उतरल्या उतरल्या मला एका छत्रीखाली नेऊन बसवा, तुम्ही तुमचा दिवस भरत गावभर फिरा, आणि संध्याकाळी माणसं छत्र्या मिटायला लागली, की मलाही गुंडाळा, दोरी बांधा आणि सगळ्यात शेवटी चढवा."