मावशींचं अनुमोदन

तरीही माझं म्हणणं तेच आहे, मावशी. ती खिडकी बंदच हवी. रस्त्यावरची धूळ येते आणि धुतलेल्या चादरी पुन्हा धुवाव्या लागतात. असो. आज भांडायचं नाही, असं बजावूनच मला उभं केलंय.

सन्माननीय अध्यक्ष वकीलसाहेब, व्यासपीठावरचे, म्हणजे इस्त्रीच्या टेबलामागचे मान्यवर, आणि यंत्रं बंद ठेवून जमलेल्या माझ्या भावाबहिणींनो! शाळेने मला सातवीतच निरोप दिला, तोही समारंभाशिवाय. तेव्हा निरोपाच्या भाषणाचा हा पहिलाच प्रसंग.

मालकांनी ही लॉन्ड्री विकायला काढली, तेव्हा ती आपणच घ्यायची म्हणून आपण कामगारांनी कंपनी काढली. मी फार बोलतो म्हणून मला संचालक केलंत, आणि मला गप्प बसवू शकतात म्हणून इस्त्रीवाल्या मावशींना. कराराच्या दिवशी मी उसना कोट चढवून, कंपनीचा शिक्का खिशात घालून ऐटीत जाऊन बसलो. मालकांचे वकील होते आजचे अध्यक्ष. त्यांनी विचारलं, "ही खरेदी कंपनीने ठरवलीय, याला पुरावा?"

मी शिक्का काढून दाखवला.

"अहो, शिक्का काय, कुणीही बनवून घेतं! संचालकांचा ठराव कुठाय? त्याशिवाय तुमच्या सहीला विचारतो कोण? संध्याकाळपर्यंत आणा. बाहेर गोदामवाले टपून बसलेत."

गोदामवाल्यांनी जागा घेतली की आपण सगळे रस्त्यावर. सभेला दोघेही संचालक हवेत, आणि खिडकीपायी मावशींनी माझ्याशी महिनाभर अबोला धरलेला! सांगा, कशी भरवायची सभा?

भरली. इथेच. खात्री करायला वकीलसाहेब स्वतः आले. मी ठराव मांडला. मावशी मेकॅनिककाकांकडे वळून म्हणाल्या, "त्याला सांगा, माझं अनुमोदन आहे."

"बाई, सांगोवांगी नाही चालत. सभेतच बोला," वकीलसाहेब म्हणाले.

मावशींनी इस्त्री बाजूला ठेवली. "आहे रे दिवट्या, अनुमोदन! आता खिडकी उघड."

उघडली. काय करतो? ठरावाच्या कागदावर सहीशेजारी ती धूळ अजून आहे.

मावशी, घरापासून इतक्या लांब मला 'जेवलास का' विचारणाऱ्या तुम्ही एकट्या. अबोल्यातही विचारायच्या, मेकॅनिककाकांमार्फत. उद्या लेकीकडे राहायला चाललात. तिथल्या तुमच्या खोलीला खिडकीच नाही, हे परवा काकांनाच सांगत होतात, मला ऐकू जाईल अशा बेताने. म्हणून काल आम्ही सभा घेतली आणि तिथे खिडकी पाडायला कंपनीने पैसे द्यायचे, असा ठराव केला. पण एका संचालकाला न कळवता घेतलेली सभा कायद्यात बसत नाही, असं अध्यक्ष आत्ताच कानात म्हणाले. म्हणजे शिकलो काहीच नाही मी! तेव्हा हे पैसे कंपनीचे नाहीत, माझे आहेत. त्याला ठराव लागत नाही.

तुम्ही सगळ्यांनी ऐकून घेतलंत, आभारी आहे. जीभ घसरली असेल तिथे सांभाळून घ्या. मावशी, गवंड्यासाठी तुमच्यासोबत पाठवतोय: नऊ हजार.